जैन अहिंसा फक्त ताटापुरती नाही

"जैनांची अहिंसा म्हणजे मांस खायचं नाही आणि मुंगी चिरडायची नाही, बस्स." हे इतक्यांदा ऐकू येतं की जैन घरांतली मुलंही तेच सांगतात. यात चूक कमी, पण राहून गेलेलं फार आहे.

जैन दर्शन जीवांचे सहा वर्ग मानतं. पृथ्वीकाय, जलकाय, अग्निकाय, वायुकाय, वनस्पतिकाय हे पाच स्थावर. हालचाल करणारे सगळे जीव मिळून सहावा, त्रसकाय. मुंगी आणि गाय दोघी या एकाच वर्गात. उरलेले पाच माती, पाणी, विस्तव, वारा आणि झाडाझुडपांचे! आचारांग सूत्र या जैन आगमग्रंथाचं पहिलंच अध्ययन, म्हणजे प्रकरण, या सहांना होणाऱ्या इजेबद्दल आहे.

हे सगळं साधूंसाठी, असंही म्हटलं जातं. साधूंचे नियम कडक आहेत, आणि गृहस्थाकडून संपूर्ण अहिंसेची अपेक्षा नाहीच. पण 'अनर्थदंड' त्यालाही वर्ज्य आहे: विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं. मला सगळ्यांत बोलकी वाटते ती श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायच्या १५ धंद्यांची, म्हणजे कर्मादानांची यादी. तिच्यात जंगलतोड आहे, कोळसा पाडणं आहे, रानाला वणवा लावणं आहे, तळी-सरोवरं आटवणंही आहे. पोटापाण्याचा धंदा निवडतानाच हा विचार करायला सांगितला आहे.

महावीरांच्या २५००व्या निर्वाण वर्षात ठरलेल्या जैन प्रतीकाखालीही तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथातलं 'परस्परोपग्रहो जीवानाम्' हेच वचन आहे: जीव एकमेकांच्या आधाराने जगतात.