शब्दाचा अर्थ पाठ, तरी वाक्य का चुकते?

जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मुले शब्द कसे शिकतात यावर एक लेख लिहिला. त्यात दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी लिहिलेली काही वाक्ये आहेत. मुलांना एक अनोळखी शब्द द्यायचा, शब्दकोशात त्याचा अर्थ पाहायला सांगायचे आणि मग त्या शब्दाचा वाक्यात उपयोग करून घ्यायचा, एवढेच काम होते. एका मुलाने लिहिले, ‘अवर फॅमिली इरोड्स अ लॉट.’ इरोड म्हणजे झिजणे, धूप होणे. मग कुटुंब झिजते कसे? त्या मुलाने शब्दकोशात ‘इरोड’पुढे ‘ईट आउट’ असे वाचले होते, म्हणजे कुरतडून खाणे. त्याच्या ओळखीचा ‘ईट आउट’ मात्र हॉटेलात जेवायला जाण्याचा होता. आमच्या घरचे बऱ्याचदा बाहेर जेवतात, हे वाक्य त्याने मनात जुळवले आणि ‘ईट आउट’च्या जागी ‘इरोड’ बसवला. आणखी एकाच्या वाक्यात बाईंनी सूप ‘स्टिम्युलेट’ केले होते, कारण कोशात ‘स्टर अप’ असा अर्थ होता आणि सूप तर ढवळतातच.

ही मुले जन्मापासून इंग्रजी बोलणारी होती, हे महत्त्वाचे आहे. कोशातला अर्थ बरोबर होता, मुलांनी तो नीट वाचला होता आणि त्यांचे व्याकरणही चुकले नव्हते. तरीही शब्द हाती लागला नाही. मिलर आणि गिल्डे यांनी यामागची मनाची चालही सांगितली. व्याख्येतला ओळखीचा तुकडा उचलायचा, त्याचे वाक्य करायचे आणि शेवटी तुकड्याच्या जागी नवा शब्द ठेवायचा. मराठीतून इंग्रजी शिकणारेही नेमके हेच करतात. फरक इतकाच, की त्यांचा ओळखीचा तुकडा मराठी असतो.

‘रिलक्टंट’ हा शब्द घेऊ. वहीत त्याच्यापुढे ‘नाखूष’ असे लिहिलेले असते, आणि ते चूक नाही. पण आपल्या मनातला ‘नाखूष’ माणसावरही असतो: साहेब माझ्यावर नाखूष आहेत. त्यावरून ‘द बॉस इज रिलक्टंट विथ मी’ असे वाक्य सहज तयार होते आणि ते साफ चुकते. आता हे वाक्य पाहा: ‘शी वॉज रिलक्टंट टू साइन द पेपर्स बिकॉज शी हॅड नॉट रेड देम.’ कागद वाचलेले नव्हते, म्हणून सही करायला ती का-कू करत होती. इथे शब्दामागून ‘टू’ आणि एक क्रियापद येते. म्हणजे नाखुशी कोणा माणसावर नाही, काहीतरी करण्यावर आहे. शिवाय का-कू कशासाठी, तेही वाक्यातच आहे. ‘नाखूष’पेक्षा ‘का-कू करणारा’ हा अर्थ किती जवळचा आहे, हे या वाक्यानंतरच सुचते.

उदाहरण म्हणून कोणतेही वाक्य मात्र चालत नाही. ‘ही इज अ रिलक्टंट मॅन’ हे व्याकरणाला धरून असले तरी त्यातून काहीच कळत नाही, कारण ‘रिलक्टंट’ काढून तिथे ‘उंच’, ‘श्रीमंत’ किंवा ‘आजारी’ घातले तरी वाक्य चालते. ज्या वाक्यात त्या शब्दाची जागा दुसरा कोणी सहज घेऊ शकत नाही, ते चांगले उदाहरण. बाजारातल्या कित्येक शब्दसंग्रहांत असली कोणालाही लागू पडणारी वाक्ये पानोपानी भरलेली असतात. शिकणाऱ्याचे श्रम त्यात वाया जातात, याचे वाईट वाटते.

शब्द कोणाच्या संगतीत राहतो त्यावरून तो ओळखावा, असे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन रूपर्ट फर्थ यांनी १९५७ साली म्हटले होते. आपल्या भाषेत ही संगत आपण न शिकताच शिकलेलो असतो. निर्णय ‘घेतो’, भाषण ‘करतो’, फोटो ‘काढतो’. इंग्रजीत निर्णयाला सहसा ‘मेक’ लागतो, भाषणाला ‘गिव्ह’ आणि फोटोला ‘टेक’. इथे तर्क लढवून उपयोग नाही, जोडी पाहावीच लागते. शब्दामागे येणाऱ्या छोट्या अव्ययांचेही तसेच. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ येऊन बसतो. इंग्रजीत मात्र ‘वी डिस्कस्ड द बजेट’ म्हटले की झाले. कोणाशी तरी लग्न होते, म्हणून ‘मॅरिड विथ’. इंग्रजीत ते ‘मॅरिड टू’. ‘डिस्कस म्हणजे चर्चा करणे’ हे शंभरदा पाठ केले तरी यातले काही कळणार नाही. एक वाक्य पाहिले की कळते.

इंग्रजी ज्यांची स्वतःची नाही, अशांना शिकवताना ही अडचण प्रथम ठळकपणे जाणवली, आणि ती आशियात. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात शिक्षक घडवायचे काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी कोशातले शब्दांचे अर्थच कळत नाहीत, कारण ते अर्थ मूळ शब्दाहून अवघड शब्दांत दिलेले असतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९३५ साली त्यांनी एक कोश केला. त्यात सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रयोगांचे अर्थ अवघ्या १,४९० सोप्या शब्दांत सांगितले होते. त्याच सुमारास जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी शब्दामागे कोणती रचना येते, यावर काम करत होते. त्यांचा कोश १९४२ साली, ऐन महायुद्धात, टोकियोत प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डने तो १९४८ साली पुन्हा काढला. आज आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या टेबलावर दिसणारा ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश म्हणजे त्याचाच वंशज.

पुढे १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली ‘कोबिल्ड’ कोश तयार झाला. त्यासाठी पुस्तके, वर्तमानपत्रे आणि संभाषणे यांतला लक्षावधी शब्दांचा मजकूर संगणकावर साठवला होता. उदाहरणे संपादकांच्या डोक्यातून नव्हे, तर त्या मजकुरातून घेतली गेली. अर्थही पूर्ण वाक्यात दिला गेला: एखाद्या माणसाने अमुक केले तर त्याचा अर्थ तमुक, अशा धर्तीवर. म्हणजे व्याख्या वाचतानाच शब्दाचा वापर दिसतो. शिकणाऱ्यासाठी याहून उपयोगी सुधारणा कोशरचनेत दुसरी झाली नसावी, असे मला वाटते.

अर्थ आणि वाक्य दोन्ही मिळाले, तरी लक्षात राहण्याचा प्रश्न उरतोच. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. विस्मरणाची मोठी घसरण पहिल्या दिवसातच होते, नंतर तिचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. पुढच्या उजळण्यांमधले अंतर हळूहळू वाढवत नेले तरी चालते.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे, ही आपली समजूत. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली ‘सायन्स’मध्ये छापलेल्या प्रयोगाने तिला चांगलाच धक्का दिला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थांसह शिकायचे होते. एखादा शब्द एकदा बरोबर आठवला, की तिथून गटांचे मार्ग वेगळे झाले. काहींनी तो पुढेही वाचला आणि त्याची परीक्षाही दिली. काहींनी वाचणे सोडले, पण परीक्षा देत राहिले. काही नुसते वाचत राहिले, परीक्षा बंद. चौथ्या गटाचे दोन्ही बंद. आठवड्याने जे गट परीक्षा देत राहिले होते त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. परीक्षा सोडलेल्यांना त्याच्या निम्मेही नाहीत, ३३ ते ३६ टक्के. एकदा शब्द आल्यानंतरच्या वाचनाने जवळपास काहीच भर पडली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याला किती आठवेल याचा अंदाज चारही गटांचा सारखाच होता, सुमारे निम्मे. आपला अभ्यास फळतो आहे की नाही, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही.

मग वही कशी ठेवावी? पानाच्या एका बाजूला वाक्य, पण शब्दाची जागा रिकामी: ‘शी वॉज ____ टू साइन द पेपर्स.’ शेजारी मराठीत ‘का-कू करणारी’. मागच्या बाजूला शब्द. पान उलटण्याआधी शब्द आठवायचा, मोठ्याने म्हणायचा, मगच पाहायचा. मराठीतून इंग्रजी शब्द आठवणे हे इंग्रजीवरून मराठी अर्थ सांगण्यापेक्षा अवघड जाते, पण बोलता-लिहिताना लागते ते हेच. अडकलेला शब्द दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचा, आलेला काही दिवसांनी. दोन-तीनदा नीट आला, की आपल्या घरातले किंवा कामावरचे एक वाक्य त्या शब्दाने स्वतः तयार करायचे. स्वतः रचलेले शब्द आयत्या मिळालेल्या शब्दांपेक्षा अधिक टिकतात, हे स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवले आहे. फक्त क्रम पाळायचा: आधी दुसऱ्याचे खरे वाक्य, मग आपले. उलटे केले तर ‘इरोड’सारखी गत होते.

मराठी अर्थ लिहूच नये, इंग्रजीतूनच विचार करावा, असे सांगणारे अनेक आहेत. मला ते पटत नाही. मराठी अर्थाने शब्दाची पहिली ओळख झटकन होते आणि वाचलेला वेळ वाक्यांवर देता येतो.

एक पथ्य मात्र पाळावे. शाळेपासून आपण शब्द गटाने शिकतो: विरुद्धार्थी जोड्या, सगळे रंग, सगळी फळे. अगदी नवे शब्द असे अर्थाने जवळचे असले, तर ते एकमेकांत मिसळतात, असे टिंकहॅम या संशोधकाच्या १९९३ सालच्या प्रयोगांत आणि नंतर वॅरिंग यांनी जपानी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसले. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ हे याचे नेहमीचे उदाहरण. उसने घेणे आणि उसने देणे एकाच दिवशी, एकाच ओळीत शिकले, की कोणता कुठला हा गोंधळ पुढे वर्षानुवर्षे टिकतो. त्यापेक्षा आधी ‘कॅन आय बॉरो युअर पेन?’ हे एकच वाक्य घ्यावे. ते अडखळल्याशिवाय येऊ लागले, की काही आठवड्यांनी ‘लेंड’ला हात घालावा.