पंजाबी ढोलाचे खोड

पंजाबी ढोलाचा लाकडी पोकळ सांगाडा म्हणजे त्याचे खोड. ‘ढोल’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतला पत्र्याचा किंवा फायबरचा सरळ नळकांडी ढोल येतो. पंजाबचा ढोल तसा नसतो. तो पिंपासारखा असतो: दोन्ही तोंडांशी निमुळता, मध्ये फुगलेला. लांबी साधारण दोन फूट. दोन्ही तोंडे जवळपास सारखी असतात. ढोलकीसारखे एक मोठे नि एक लहान असा ठळक फरक इथे नसतो. पंजाबातल्याच ढाडी, म्हणजे वीरगाथा गाणाऱ्या, गायकांच्या हातातली ढड तर नेमकी उलट, डमरूसारखी कमरेत आवळलेली.

ढोलाच्या खर्जाच्या बाजूला धामा म्हणतात. तिचे कातडे जाड असते व त्याला आतून मसाला, म्हणजे एक लेप, लावलेला असतो. दुसरी बाजू पुडा. हा शब्द तबल्याच्या पुडीच्या घरातलाच. धाम्यावर बाकदार, जड काठी पडते, पुड्यावर बांबूची किंवा वेताची लवचिक तिली. जड काठीचे नाव मात्र डग्गा, तेव्हा तबलजींनी गोंधळू नये.

फुगवटा शोभेसाठी नसतो. तोंड तेवढेच ठेवून पोट वाढवले की आत हवा जास्त मावते आणि धाम्याचा घुमारा खोल होतो. दोरीच्या ढोलात त्याचा आणखी एक उपयोग असतो. एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे नागमोडी जाणाऱ्या दोऱ्या पोटावरून जाताना लाकडाला घट्ट चिकटून राहतात, आणि दोऱ्यांच्या जोड्यांमध्ये अडकवलेल्या कड्या सरकवून ताण कमीजास्त करता येतो. नटबोल्टच्या ढोलात हे काम लोखंडाकडे जाते. तिथे खोडाला भोके पडतात, म्हणून भिंत फार पातळ असून चालत नाही.

तरीही पोट जितके मोठे तितका ढोल चांगला, हा समज चुकीचा. ढोल पट्ट्याने खांद्यावरून गळ्यात अडकवतात आणि तो वादकाच्या पोटापुढे आडवा राहतो. फुगवटा वाढला की तोंडे अंगापासून दूर जातात, वादकाला हात पुढे ताणून वाजवावे लागते आणि थोड्याच वेळात खांदे भरून येतात. भांगड्यात ढोली नाचणाऱ्यांबरोबर फिरतो, चाल धरतो, मधेच उड्याही मारतो. त्याला आटोपशीर पोटाचे हलके खोडच सोसते. लाहोरच्या शाह जमाल दर्ग्यात दर गुरुवारी रात्री वाजवणारे पप्पू साईं (मृत्यू 2021) ढोल गळ्यात घेऊन गिरक्या घेत. असे वादन करायचे तर खोडाचा तोल दोन्ही बाजूंना सारखा हवा. एका जागी उभे राहून वाजवणाऱ्याला मोठे पोट चालते.

लाकडाचा प्रश्न आकाराशी जोडलेलाच आहे. आंबा हलका, कोरायला सोपा आणि स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते. टाहली, म्हणजे शिसू, कठीण आणि जड. हाच भारतीय पंजाबचा राज्यवृक्ष. मोठ्या पोटाचे खोड शिसूचे घेतले तर वजनाची किंमत मोजावी लागते. शिसू ज्या डाल्बर्जिया कुळीतला, ती सगळी कुळी 2017 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात आल्याने परदेशी जाणाऱ्या ढोलांच्या कागदपत्रांची कटकट वाढली होती. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

जुने खोड ओंडक्यातून एकसंध कोरलेले असते. आता पट्ट्या जोडून केलेली किंवा प्लायवूडची खोडेही मिळतात. विकत घेताना कोरलेल्या खोडात हात घालून भिंत चाचपावी. बाहेरून पिंप आणि आतून सरळ नळकांडे असेल, तर पोटाशी लाकूड उगाच जाड राहिलेले असते: वजन आहे, हवा नाही. अशा खोडाचा बाहेरचा डौल फसवा. मग खोड उभे करून एकेक तोंड सपाट फरशीवर टेकवावे. डगमगले तर कड असमान आहे, आणि त्या कडेवर कातडे कितीही ताणले तरी सूर सगळीकडे सारखा लागत नाही. शेवटी कडेच्या शिरांमध्ये केसाएवढ्या भेगा शोधाव्यात. कच्चे लाकूड वाळताना आधी तिथेच उकलते, आणि विकणारा नेमक्या तिथेच रंगाचा एक हात जास्त फिरवतो.