पार्श्वभूमी : साइक्स आडनावाचं मूळ एक की अनेक?

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या पश्चिम भागात, विशेषतः हडर्सफील्डच्या आसपास, साइक्स आडनावाची माणसं पावलोपावली भेटतात. 1881 च्या जनगणनेतही या आडनावाची सर्वांत दाट वस्ती याच पट्ट्यात होती. अर्थ लावायला कष्ट पडत नाहीत. पेनाइन डोंगरांत ‘साइक’ म्हणजे एका ढांगेत ओलांडता येईल एवढा ओहोळ. पावसात तो खळाळतो, कोरड्या दिवसांत नुसती ओल उरते, आणि दोन शेतांमधली हद्द म्हणून कागदोपत्री त्याचा उल्लेख वारंवार येतो. आपल्याकडच्या ओहोळ या आडनावाचा हा दूरदेशचा भाऊच म्हणायचा.

तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘डेल साइक’, म्हणजे ओहोळाकाठचा, अशी नोंद दिसू लागते. तेव्हा ती फक्त ओळख होती. घर बदललं की ओळखही बदले. वेकफील्ड जहागिरीच्या न्यायसभेची दप्तरं 1274 पासून टिकून आहेत. त्या काळच्या दप्तरांत एकच माणूस कधी बापाच्या नावाने, कधी वस्तीच्या, तर कधी धंद्याच्या नावाने भेटतो. 1379 च्या डोईपट्टीच्या वेळेपर्यंत या भागातली बरीच आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली होती. या डोईपट्टीच्या याद्या पश्चिम यॉर्कशरपुरत्या फार चांगल्या जपल्या गेल्या, म्हणून इथल्या आडनावांचा अभ्यास इतर परगण्यांपेक्षा पुढे गेला. शेवटचा ‘स’ पुढे जोडला गेला आणि कायम झाला.

ओहोळ काही एकाच गावात नसतात. त्यामुळे हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं असणार, असं कागदपत्रांवरून मानलं जाई. स्लेडमियरच्या धनाढ्य साइक्स घराण्याची परंपराही तेच सुचवते. त्यांचं मूळ कंबरलँडमध्ये, कार्लाइलजवळ सांगितलं जातं. तिथून ते लीड्सला येऊन कापडाच्या व्यापारात वर आले, पुढे हलमध्ये स्थिरावले आणि 1783 मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. 1916 मध्ये मध्यपूर्वेची वाटणी करणाऱ्या गुप्त करारातलं साइक्स हे नाव याच घराण्यातलं.

2000 साली या समजाला धक्का बसला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं आणि इंग्लंडमध्ये आडनावही तसंच जातं. म्हणून साइक्स आडनावाच्या 48 पुरुषांच्या वाय गुणसूत्रातल्या चार खुणा तपासल्या गेल्या. तपासणाऱ्याचं आडनावही साइक्सच होतं. जवळजवळ निम्म्या पुरुषांत खुणांचा एकच संच निघाला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर आडनावांच्या पुरुषांत तो आढळला नाही. निष्कर्ष निघाला की आजच्या साइक्सांचा मूळपुरुष एकच.

हा निष्कर्ष जसा सांगितला गेला त्यापेक्षा अरुंद आहे, आणि इथे काटेकोर राहायलाच हवं. तो फक्त टिकून राहिलेल्यांबद्दल बोलतो. 1300 च्या सुमारास ‘डेल साइक’ म्हणवणारे दहा जण असू शकतात. मग 1348-49 ची महामारी आली, आणि त्यानंतरही ज्या घरात मुलगा झाला नाही तिथे आडनाव संपत गेलं. दहांपैकी एकाचीच वेल फोफावली, तरी प्रयोगशाळेत चित्र हेच दिसेल. ‘आज एकच वंश मोठा आहे’ आणि ‘हे आडनाव एकालाच मिळालं होतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

खरा गुंता उरलेल्या निम्म्यांचा. त्यांच्या खुणा जुळत नाहीत, याचं स्पष्टीकरण ‘नॉन-पॅटर्निटी’, म्हणजे ज्याचं आडनाव लावलं तो जन्मदाता बाप नसणं, या शब्दाने दिलं गेलं आणि त्याचं प्रमाण दर पिढीला सरासरी 1.3 टक्के काढलं गेलं. तो आकडा सशर्त होता: सगळे एकाच पुरुषाचे वंशज असले, तरच. बाकीचे जर दुसऱ्या एखाद्या ओहोळाकाठचे असतील, तर हे प्रमाण आणखी खाली येतं. चर्चेत मात्र शर्त गळाली आणि आकडा राहिला, तोही बायकांच्या व्यभिचाराचं मोजमाप म्हणून.

हा अर्थ अन्यायाचा आहे. गुणसूत्र आणि आडनाव यांची वाट अनेक कारणांनी फुटते. विधवेने पुन्हा लग्न केलं आणि मुलं सावत्र बापाच्या आडनावाने वाढली. लग्नाशिवाय झालेल्या मुलाने आईचं आडनाव लावलं, जी इंग्लंडमधली सर्रास रीत होती. मामाची इस्टेट मिळावी म्हणून भाच्याने मामाचं आडनाव घेतलं. सतराव्या शतकात इंग्लंडची सत्ता हाती घेणारा क्रॉमवेल हा पुरुषवंशाने मुळात विल्यम्स. त्याच्या पणजोबाने आपल्या मामाचं आडनाव स्वीकारलं, आणि घराण्याच्या कायदेशीर कागदांत ‘विल्यम्स उर्फ क्रॉमवेल’ असं पुढेही लिहिलं जात होतं. यात कुणाची फसवणूक झाली नाही. सगळं उघड, दप्तरात नोंदवलेलं. जुन्या इंग्रजी नोंदींत असे ‘उर्फ’ ठिकठिकाणी आहेत. प्रयोगशाळेला ते दिसत नाहीत, दप्तर चाळणाऱ्याला दिसतात. त्यामुळे या वादात दप्तराची साक्ष आधी काढली पाहिजे.

महाराष्ट्राला हे आडनाव परिचयाचं झालं ते एका कर्नलमुळे. ब्रॅडफर्डजवळ 1790 मध्ये जन्मलेला हा माणूस कंपनीच्या फौजेत आला. 1824 पासून मुंबई सरकारसाठी त्याने दख्खनची माहिती आणि आकडेवारी गोळा केली, 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या माळरानावरच्या तांबूस, तुरेवाल्या चंडोलाचं वर्णन त्यानेच प्रथम केलं आणि इंग्रजीत तो आजही साइक्सचा चंडोल म्हणूनच ओळखला जातो. पुढे तो कंपनीचा अध्यक्ष झाला, खासदारही.

2009 साली लेस्टरमध्ये 40 इंग्रजी आडनावांच्या 1,678 पुरुषांचा अभ्यास झाला, तेव्हा मोठं चित्र स्पष्ट झालं. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी ते लावणाऱ्यांची एकच मूळपुरुष असण्याची शक्यता जास्त. अ‍ॅटनबरो आडनावाच्या बहुसंख्य पुरुषांत एकच वंश निघाला. उलट स्मिथ लावणारे दोघे एकमेकांना तेवढेच परके, जेवढे वेगवेगळ्या आडनावांचे कोणतेही दोन इंग्रज. दुर्मीळ आडनावांतल्या काही वंशांचा फैलाव निव्वळ योगायोगाने झाला, हेही त्यातून पुढे आलं. मुलगे जास्त जगले, की एक वेल बाकीच्यांना झाकून टाकते. साइक्सांच्या बाबतीत 2000 च्या निकालाचा अर्थ लावताना ही शक्यता मूळपुरुषाच्या गोष्टीइतकीच गंभीरपणे घ्यायला हवी.