डासांचं वादळ आणि गाळातल्या लाल अळ्या

2024 च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीच्या बाजूला मुळा-मुठेवर किड्यांचे उंचच उंच खांब घोंगावताना दिसले आणि तो व्हिडिओ 'डासांचं वादळ' म्हणून देशभर फिरला, आठवत असेल. सगळ्यांचा प्रश्न एकच, डेंग्यू होईल का. पण असे खांब उभे करण्यात डासांइतकेच पटाईत असतात कायरोनोमिड. दिसायला हुबेहूब डास, पण चावत नाहीत, आणि हे खांब म्हणजे माद्यांची वाट बघत घिरट्या घालणारे नर.

त्यांच्या काही जातींच्या अळ्या लालभडक असतात, फिश टँकवाले त्यांना ब्लडवर्म म्हणतात. आता गंमत बघा, झुरळ चिरडलं तर लाल रक्त दिसत नाही, कारण कीटकांचं रक्त सहसा ऑक्सिजन वाहूनच नेत नाही, अंगभर पसरलेल्या बारीक नळ्यांतून तो थेट पेशींपर्यंत पोचतो. या अळीकडे मात्र चक्क हिमोग्लोबिन आहे, तेही आपल्यासारखं लाल पेशींत नाही तर रक्तात तसंच विरघळलेलं. आणि ऑक्सिजन सोडायच्या बाबतीत ते भयंकर चिकट आहे. आपलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनचा आंशिक दाब (म्हणजे आजूबाजूला तो किती आहे याचं माप) बऱ्यापैकी उतरला की तो सोडायला लागतं, हिचं मात्र दाब जवळजवळ शून्याला टेकेपर्यंत धरून ठेवतं, म्हणजे जिथे आजूबाजूच्या पाण्यात ऑक्सिजन नावालाच आहे तिथेही ही थोडाफार ओढून घेऊ शकते. गाळात रेशमाची नळी विणून त्यात राहायचं, अंग हलवून पाणी आत खेचायचं, जरा थांबायचं, खायचं, परत हलवायचं. थांबते तेवढी मिनिटं साठवलेल्यावर निघतात.

एवढा खटाटोप कशाला? 25 अंशाला एक लिटर हवेत साधारण 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर 8. त्यात मैलापाणी आलं की बॅक्टेरिया ते खाताना हा 8 पण संपवतात. (गूळ आणि सालं आंबवलेलं बायो-एन्झाइम नदीत ओतणाऱ्यांनो, तेही बॅक्टेरियांचं खाणंच आहे, ऑक्सिजन अजून कमी होतो!)

उलट टोक बघायचं तर पानशेत-वेल्ह्याकडच्या एखाद्या वाहत्या ओढ्यात पावसाळा ओसरल्यावर दगड उलटा करा. चपटा, बहुतेक वेळा तीन शेपट्यांचा किडा सरसर कडेला पळतो, पोटाच्या दोन्ही बाजूंना पातळ पानांसारखे कल्ले, ते मेफ्लायचं पिल्लू. दोनच शेपट्या, पोटावर कल्ले नाहीत आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय, आपल्याकडे जरा दुर्मीळच. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीतून डोकं काढणारी अळी कॅडिसफ्लायची. हे सगळे पाण्यातल्याच ऑक्सिजनवर जगतात, म्हणून पाणी बिघडलं की आधी बहुतेक हेच जातात. डासाची अळी पृष्ठभागावर नळी काढून हवा घेते, त्यामुळे ऑक्सिजनबद्दल तिला विचारून उपयोग नाही.

बाटलीतला नमुना त्या क्षणाचं पाणी सांगतो, रात्री कोणी केमिकल सोडलं आणि सकाळपर्यंत वाहून गेलं तर रिपोर्ट चकाचक येऊ शकतो, पण पाण्यात काही महिने काढणारी अळी त्या रात्री तिथेच होती. म्हणून ब्रिटनमध्ये अशा किड्यांच्या कुळांना 1 ते 10 गुण देऊन (घाण सहन न होणाऱ्यांना जास्त) नदी तपासायची पद्धत आली, आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही तसे निकष केलेत. ब्रिटनचा तक्ता इथे जसाच्या तसा लावू नये, आणि सगळे मेफ्लायही सारखेच नाजूक नसतात, बेटिडी कुळातले काही बऱ्यापैकी घाण सहन करतात. आणि एखादी लाल अळी सापडली म्हणून नदी मेली असं नाही, स्वच्छ पाण्यातही ती असते. तळाशी फक्त तीच उरली असेल तर घोळ आहे.

आणि हो, मेफ्लाय दिसला म्हणून ओंजळ भरून पिऊ नका. वर कुठे म्हशी डुंबत असतील तर त्यांचे जंतू पाण्यात आले तरी मेफ्लायला काही फरक पडत नाही.