गवत बागेत कसं आलं

नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या बंगल्यांपुढे हल्ली जांभळट तुऱ्यांचं फाउंटन ग्रास दिसू लागलं आहे. नर्सरीवाला ‘पाणी कमी लागतं’ असं सांगून ते देतो आणि त्यात खोटं काही नाही. पण पैसे मोजून गवत आणायचं हे शेतकरी घरातल्या माणसाला अजून पचत नाही. काळ्या रानात हरळी-कुंदा एकदा शिरला की खुरप्याने भागत नाही; खोल नांगरून काशा, म्हणजे जमिनीखालची गाठाळ खोडं, वेचाव्या लागतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याशी वैर, ते वाफ्यात कोण लावणार?

तसा गवताला मान होता. दूर्वा गणपतीला, वाळा माठात, दर्भ श्राद्धाला. रामकुंडावरच्या विधींत बोटात घालायचं पवित्रक दर्भाचंच, आणि पिठोरी अमावास्येला वर्षाचा दर्भ उपटून ठेवायची रीत जुनी आहे. मराठी राज्यात घोडदळाच्या वैरणीसाठी कुरणं राखून ठेवत. म्हणजे गवत राखायचं, कापायचं, पुजायचं. शोभेसाठी लावायचं मात्र नाही.

खरं तर नाशिक जिल्ह्याचा पूर्व भाग गवताचाच मुलूख आहे. पश्चिमेला इगतपुरीला पाऊस 3000 मिलिमीटरच्या घरात, तर सिन्नर-येवल्याकडे जेमतेम 500-600. तिथल्या माळांवर शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवतं आपसूक येतात. येवल्याजवळच्या ममदापूरची काळविटं त्याच माळांवर चरतात. इंग्रजी महसुली दप्तराने अशा जमिनीला ‘पडीक’ ठरवलं आणि तो शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. अभ्यासकांनी मात्र दखल घेतली. ब्लॅटर आणि मॅकॅन यांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा ग्रंथ 1935 साली निघाला. पुढे 1973 मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरातल्या गवताळ प्रदेशांचे प्रकार पाडले. त्यात दख्खनचा पट्टा शेडा-मारवेल गटात येतो.

बागेत गवत आलं ते आधी लॉन म्हणून. 1830 मध्ये इंग्लंडात एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं आणि कातरलेली हिरवळ साध्या घरांनाही परवडू लागली. इकडे ती साहेबाच्या बंगल्यांबरोबर आली. इंग्लंडच्या रिपरिप पावसावर पोसलेली ही हौस नाशिकच्या उन्हात दिवाळीपासून जूनपर्यंत नळीच्या पाण्यावर जगवायची, हा मला तरी निव्वळ अट्टहास वाटतो.

उंच, तुऱ्यांच्या गवताची कथा वेगळी. दक्षिण अमेरिकेतलं पम्पास एकोणिसाव्या शतकात युरोपात फॅशनचं झालं. त्याचे वाळवलेले तुरे दिवाणखान्यात फुलदाणीत ठेवत. पण गवताला वाफ्यात फुलझाडांच्या बरोबरीची जागा मिळवून देण्यात मोठा वाटा जर्मनीत पॉट्सडॅमजवळ रोपवाटिका चालवणाऱ्या कार्ल फोर्स्टरचा. वाळलेलं गवत उपटू नका, हिवाळाभर उभं राहू द्या, असा त्याचा आग्रह. 1970 च्या दशकात ओमे आणि व्हॅन स्वीडन या बागरचनाकारांनी हीच दृष्टी अमेरिकेत रुजवली. 1981 मध्ये तिथल्याच डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्याने कमी पाण्याच्या बागेची मोहीम काढली आणि शोभेच्या गवताला पाणी वाचवण्याचं निमित्तही मिळालं.

नाशिकला हे सगळं जसंच्या तसं लागू पडत नाही. फोर्स्टरच्या नावाने विकलं जाणारं गवत थंड हवेचं. आपल्या माळावरची बहुतेक गवतं उष्ण हवेची, कमी पाण्यात जास्त वाढ साधणारी. पावसात वाढतात, दिवाळीच्या सुमारास सोनेरी होतात आणि उन्हाळाभर वाळून उभी राहतात. म्हणून छाटणी पाऊस तोंडावर आला की करायची, जमिनीपासून वीतभर ठेवून.

फाउंटन ग्रास मूळचं आफ्रिका आणि पश्चिम आशियाचं. त्याचा हिरवा प्रकार हवाई बेटांवर आणि अमेरिकेच्या ॲरिझोनात मोकाट पसरला आहे. जांभळ्या जातीला रुजणारं बी क्वचितच धरतं, तिची रोपं ठोंब फोडून करतात. तेव्हा घ्यायचंच तर जांभळंच घ्यावं. कुसळीही दिसायला देखणी, पण ती पायवाटेपासून लांब लावलेली बरी. तिची काळपट कुसळं टोकाला एकमेकांत पिळून वेणीसारखी होतात, ओल लागली की गरगर फिरून बी मातीत घुसवतात. मोज्यातही तशीच घुसतात. मारवेलाला असलं काही लचांड नाही, आणि त्याची ठोंबं चाऱ्यासाठी लावणारे शेतकरी पूर्व भागात सापडतात.