खांद्याचे सांधेरोपण

खांद्याचे सांधेरोपण : झिजेने, संधिवाताने किंवा हाड मोडल्याने निकामी झालेल्या खांद्याच्या सांध्याच्या जागी धातू व प्लास्टिकचे कृत्रिम भाग बसवण्याची शस्त्रक्रिया. न थांबणाऱ्या वेदना हे तिचे मुख्य कारण. हालचाल सुधारणे हा त्यामागून येणारा लाभ.

खांदा उखळीच्या सांध्यांत मोडतो, पण त्याची उखळ बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात रुतून बसत नाही, भोवतालचे स्नायू त्याला जागेवर धरून ठेवतात. त्यांत ‘रोटेटर कफ’ म्हणजे चार स्नायूंच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांचे) वेष्टन सर्वांत मोलाचे. कोणता सांधा बसवायचा आणि बरे व्हायला किती काळ लागेल, हे हाडाइतकेच या कंडरांवरही ठरते.

फ्रेंच शल्यविशारद ज्यूल एमिल पेआँ यांनी १८९३ मध्ये क्षयाने पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम व कठीण रबराचा सांधा बसवला. जंतुसंसर्ग उलटल्यामुळे तो सुमारे दोन वर्षांनी काढावा लागला. आधुनिक सांधेरोपणाचा पाया अमेरिकेतील चार्ल्स नीअर यांनी १९५० च्या दशकात घातला. प्रथम मोडलेल्या माथ्यासाठी आणि पुढे झिजेच्या संधिवातासाठी त्यांनी धातूचे सांधे वापरले.

रोटेटर कफ शाबूत असेल तर सहसा पूर्ण सांधेरोपण करतात. माथ्याच्या जागी धातूचा गोळा आणि उखळीत पॉलिएथिलीनचे अस्तर, अशी मूळ रचनाच पुन्हा उभी केली जाते. गोळ्याला आधार देणारी दांडी हाडाच्या पोकळीत, सिमेंटने किंवा सिमेंटशिवाय, बसवतात. हाड भक्कम असल्यास आखूड दांडीचा किंवा बिनदांडीचा सांधाही चालतो. अर्धे सांधेरोपण, म्हणजे केवळ माथा बदलणे, आता कमी झाले आहे. धातूचा गोळा मूळ उखळीवर घासत राहतो, ती हळूहळू झिजते आणि दुखणे परत येते.

कफ फाटून गेलेला असेल तर हीच रचना अपुरी पडते. माथ्याला खाली धरणारे कोणी नसल्याने हात उचलताना तो वर सरकतो आणि उखळीचे अस्तर एका कडेने दाबले जाऊन सैल होते. यावर फ्रान्समधील दिजाँ येथील पॉल ग्रामाँ यांनी १९८० च्या दशकात काढलेला तोडगा धाडसी होता : गोळा उखळीच्या जागी आणि वाटी दंडाच्या हाडावर. या उलट्या सांध्यात फिरण्याचे केंद्र आत व खाली सरकते आणि दंडाचा बाह्याकार घडवणाऱ्या डेल्टॉइड स्नायूला जास्त तरफ मिळते. कफचे हात उचलण्याचे काम तो एकटा पेलतो. कित्येक वर्षे खांद्याच्या पातळीपर्यंतही न गेलेला हात त्यामुळे वर जाऊ लागतो. या शाखेतील ही सर्वांत मोठी झेप मानायला हवी. वृद्धांच्या माथ्याचे तुकडे झाले असता किंवा आधीचे रोपण फसले असताही उलटा सांधा वापरतात. मात्र डेल्टॉइड किंवा त्याची चेतातंतू-शाखा निकामी असेल तर तो सहसा उपयोगाचा नाही.

औषधे, व्यायाम व इंजेक्शने यांनी भागत असेल तोवर शस्त्रक्रियेची घाई नसते. खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावर साधारण तीन महिने ती पुढे ढकलतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. उखळीची झीज सीटी स्कॅनवर, कफची अवस्था एमआरआयवर पाहतात.

शस्त्रक्रिया बहुधा खांद्याच्या पुढून होते. सांध्यात शिरण्यासाठी पुढचा सबस्कॅप्युलॅरिस हा कफचाच स्नायू सोडवून शेवटी पुन्हा शिवावा लागतो. नंतरचे बहुतेक निर्बंध या शिवणीसाठी असतात, हे रुग्णाला आधीच समजावून सांगितले तर पथ्य पाळणे सोपे जाते. रुग्णालयातला मुक्काम बहुधा एक-दोन दिवसांचा असतो. हात चार ते सहा आठवडे गळ्यातल्या झोळीत राहतो, पण बोटे, मनगट व कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे असतात. शिवण ताणली जाऊ नये म्हणून हात बाहेरच्या बाजूला फार वळवायचा नाही. खुर्चीतून उठताना त्या हातावर भार देणे टाळायचे. उलट्या सांध्यात हात पाठीमागे नेण्याची हालचाल सर्वांत जोखमीची असते, कारण त्या स्थितीत सांधा निखळू शकतो. सुरुवातीच्या आठवड्यांत उताणे सपाट झोपवत नाही. पाठ उंच करून, कोपराखाली उशी घेऊन झोपणे सुसह्य होते.

सुमारे सहा आठवड्यांनी रुग्ण स्वतःच्या बळावर हात उचलू लागतो, ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांच्या आसपास सुरू होतात. संधिवाताचे जुने, रात्री झोप मोडणारे दुखणे बहुधा लवकर ओसरते आणि नेमका इथेच धोका असतो : दुखत नाही म्हणून वजन उचलले जाते, कंडरा मात्र अजून जुळलेली नसते. सुधारणा वर्षभर चालू राहते. उलट्या सांध्यात हात वर जातो, पण बाहेर व पाठीमागे वळणे बरेचदा मर्यादितच राहते.

गुंतागुंतींत जंतुसंसर्ग, सांधा निखळणे, चेतातंतूला इजा आणि उखळीचा भाग सैल होणे येतात. उलट्या सांध्यात डेल्टॉइडच्या ताणाने खांद्याच्या टोकाच्या हाडाला बारीक तडाही जाऊ शकतो. खांद्यातला संसर्ग बरेचदा त्वचेवरच राहणाऱ्या, मंद वाढणाऱ्या ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ या जंतूमुळे होतो. ताप नाही, जखम लाल नाही, फक्त खांदा आखडत व दुखत जातो. म्हणून तपासणीचा नमुना प्रयोगशाळेत दोन आठवड्यांपर्यंत राखून ठेवावा लागतो. बहुतेक रोपणे दहा वर्षांहून अधिक टिकतात. कफ पुढे फाटला तर पूर्ण सांध्याचे रूपांतर उलट्या सांध्यात करता येते आणि काही सांध्यांची दांडी यासाठीच अशी घडवतात, की ती हाडातून न काढता फक्त वरचा भाग बदलता यावा.