हॅमंड ऑर्गनचा प्रीअँप: आळ नेहमी व्हॉल्व्हवरच का येतो?

जुना हॅमंड बी-3 हा विजेचा ऑर्गन बिघडला की मागची फळी काढली जाते, आत एओ-28 नावाच्या प्रीअँपच्या (क्षीण सूर स्पीकरकडे जाण्याआधी मोठा करणाऱ्या भागाच्या) डब्यावर मिणमिणणारे व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, दिसतात आणि निदान तिथल्या तिथे ठरून जातं: व्हॉल्व्ह गेलेत. मग नवा संच मागवायचा, बसवायचा आणि तीच घरघर पुन्हा ऐकायची. व्हॉल्व्ह कधीच जात नाहीत असं नाही. पण या वाद्यात त्यांच्याकडे काम कोणतं दिलं होतं आणि कोणतं नव्हतं, हे आधी कळलं तर बराच खर्च वाचतो. त्यासाठी 1930च्या दशकातल्या शिकागोपर्यंत मागे जावं लागतं, तेही एका घड्याळाच्या कारखान्यात.

लॉरेन्स हॅमंड हा इंजिनिअर. वाद्य त्याला वाजवता येत नव्हतं. 1928 साली त्याने विजेच्या घड्याळांची कंपनी काढली. या घड्याळांचं इंजिन म्हणजे सिंक्रोनस मोटर. ती घरात येणाऱ्या विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते, त्यामुळे वीज सेकंदाला 60 आवर्तनं करत असेल तर मोटरचा वेग ढळत नाही. मंदीत घड्याळांचा धंदा बसला तेव्हा हॅमंडने तीच मोटर वापरून पत्ते आपोआप पिसणारं ब्रिजचं टेबल विकून पाहिलं. त्यानंतर ऑर्गन. 1934 साली पेटंट मिळालं, 1935 मध्ये मॉडेल ए बाजारात आलं.

आवाज कसा निघतो ते पाहा. मोटरवर फिरणाऱ्या दंडाला गिअर, गिअरवर कडेला दाते असलेल्या पोलादी चकत्या, प्रत्येक चकतीसमोर एक चुंबक आणि त्यावर तारेचं वेटोळं. दाते चुंबकापुढून गेले की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उठते. तो झाला सूर. बी-3मध्ये अशा 91 चकत्यांतून सूर घेतले जातात. सूर निर्माण करण्यात व्हॉल्व्हचा हात कुठेच नाही. त्या काळचे व्हॉल्व्ह तापमानाबरोबर सूर सोडायचे, आणि हॅमंडने ते दुखणं मुळातच टाळलं. व्हॉल्व्हकडे उरलं ते आलेला सूर मोठा करायचं काम.

म्हणून ऑर्गन बेसूर वाजतोय अशी तक्रार असेल तर प्रीअँप उघडायचं कारणच नाही. अमेरिकेहून आणलेला हॅमंड आपल्याकडे लावला तर हे लगेच कळतं. आपली वीज 50 आवर्तनांची. 230 व्होल्टचे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, आवर्तनं बदलत नाही. मोटर सहा पावलांऐवजी पाचच टाकते आणि पांढरी एक दाबली की खालच्या सप्तकातली पांढरी सहा ऐकू येते. फ्रिक्वेन्सी बदलून देणारं यंत्र तरी लावावं लागतं, नाहीतर 50 आवर्तनांसाठी बनवलेलं मॉडेलच घ्यावं लागतं.

चर्चनी हा ऑर्गन भराभर घेतला, तेव्हा पाइप ऑर्गन बनवणाऱ्यांनी कंपनीच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार केली. अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगापुढे सुनावणी झाली, शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये दोन्ही वाद्यं पडद्याआड वाजवून श्रोत्यांची परीक्षाही घेतली गेली. 1938 साली आयोगाने काही जाहिराती थांबवायला लावल्या. कंपनीला फुकटची प्रसिद्धी मिळाली ती वेगळीच.

आता प्रीअँपकडे. सुरुवातीच्या मॉडेलांत प्रीअँपला स्वतःचा वीजपुरवठा नव्हता. व्हॉल्व्हला लागणारं उच्च व्होल्टेज जाड केबलमधून स्पीकरच्या कपाटातून यायचं. असा ऑर्गन मुका झाला तर दोष आधी कपाटात आणि केबलच्या पिनांत शोधायचा. मग एकेक सोय वाढत गेली. 1940च्या दशकाच्या मध्यास कंपनीचा इंजिनिअर जॉन हॅनर्ट याचा, सुराला कंप देणारा व्हायब्रेटो स्कॅनर आला, 1949 साली बी-2मध्ये वरच्या आणि खालच्या पट्ट्यांना वेगवेगळा व्हायब्रेटो लावता येऊ लागला, आणि 1954च्या अखेरीस बी-3बरोबर पर्कशन, म्हणजे पट्टी दाबताच सुराला ठोका देणारी सोय, आली. प्रत्येक सोयीने प्रीअँपमध्ये एक नवी वाट काढली. या वाटा ओळखता आल्या की अर्धं निदान झालंच म्हणायचं.

एओ-28च्या तोंडाशी, सूर आत येतो तिथे, 6एयू6 नंबरचे दोन व्हॉल्व्ह आहेत. एक व्हायब्रेटोच्या वाटेचा, दुसरा व्हायब्रेटोविना जाणाऱ्या वाटेचा. एक पट्टी दाबून धरा आणि त्या मॅन्युअलच्या (पट्ट्यांच्या ओळीच्या) व्हायब्रेटोची कळ वर-खाली करा. एका स्थितीत आवाज भरदार आणि दुसऱ्या स्थितीत मेलेला असेल, तर बिघाड त्या एका वाटेवरच आहे. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) आणि शेवटचा टप्पा दोन्ही वाटांना सामाईक, ते सुटले. दोन्ही स्थितींत वरच्या पट्ट्या गप्प आणि खालच्या उत्तम, असं असेल तर दोष बहुधा प्रीअँपच्या अलीकडे आहे, ड्रॉबारकडून (सुराचे घटक कमी-जास्त करायच्या ओढदांड्यांकडून) येणाऱ्या मॅचिंग ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा तारांत. खुर्चीवरून न उठता एवढं समजतं.

एक गोष्ट बिघाडच नाही, तरी तिच्यापायी मेकॅनिक बोलावले गेलेत. पर्कशन चालू केलं की वरच्या मॅन्युअलचा 1 फुटी, म्हणजे सगळ्यांत उंच सुराचा, ड्रॉबार गप्प होतो. पर्कशनला ट्रिगर मिळावा म्हणून कंपनीने त्याच ड्रॉबारची संपर्कपट्टी उसनी घेतली. परत करायची सोय ठेवली नाही!

मग व्हॉल्व्हवर आळ का? कारण ते साध्या हाताने निघतात. व्हॉल्व्ह झिजणार हे धरूनच ते सॉकेटमध्ये बसवायची पद्धत पडली. अमेरिकेत औषधांच्या दुकानांतसुद्धा व्हॉल्व्ह तपासायची यंत्रं ठेवलेली असत. आपल्याकडेही व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारा पहिल्यांदा टिचकी मारून पाहायचा. बाकीचे भाग सोल्डर केलेले, म्हणजे जणू कायमचे. काळाने नेमकं उलटं केलं. व्हॉल्व्ह साठ-साठ वर्षं टिकले आणि कंडेन्सर आधी म्हातारे झाले.

पट्टी न दाबताही अखंड, सारखी गुणगुण ऐकू येत असेल तर संशय पुरवठ्यातल्या फिल्टर कंडेन्सरवर. दोन टप्प्यांमधला कंडेन्सर गळू लागला तर डीसी व्होल्टेज पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सूर जिथून आत शिरतो त्या जाळीवर) पोचतं आणि आवाज फाटतो. तिथला व्हॉल्व्ह बदलला तर चार दिवस बरं वाटतं, मग तोही भरडला जातो. थांबून थांबून येणारी तडतड असेल तर जुने कार्बनचे रेझिस्टर तपासावेत. पायाच्या पेडलने आवाज कमी-जास्त होताना खरखर येत असेल, तर तिथे पोटेन्शिओमीटर शोधू नका. बी-3मध्ये ते काम जुन्या रेडिओच्या गँगसारखा हवेचा व्हेरिएबल कंडेन्सर करतो. त्याच्या पात्यांत धूळ बसलेली असते किंवा एखादं पातं वाकून दुसऱ्याला घासत असतं.

आणि आवाज नुसताच दबका, घोंगडीखालून आल्यासारखा असेल तर? डब्याच्या वरच टोन कंट्रोल आहे, स्क्रूड्रायव्हरने फिरणारा. कुणीतरी तो मागे नेऊन ठेवलेला असतो. तो ठीक असेल तर प्रीअँप सोडा आणि चकत्यांच्या पेटीकडे वळा: 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे मेणातले कागदी कंडेन्सर वापरत. ते दमट हवेत मूल्य सोडतात आणि वरचे सूर बुजतात.

डब्यात सुमारे 300 व्होल्ट डीसी खेळत असतं आणि ऑर्गन बंद केल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतात. मोजमाप करायची सवय नसेल त्याने खुर्चीवरून होणाऱ्या तपासण्यांवरच थांबावं.

व्हॉल्व्ह खरोखर बदलायचाच झाला तर नंबरांची दोन घराणी लक्षात ठेवावीत. अमेरिकी 12एएक्स7 म्हणजे युरोपातला इसीसी83, 12एयू7 म्हणजे इसीसी82, रेक्टिफायर 6एक्स4 म्हणजे इझेड90. 12एएक्स7 गिटारवाल्यांमुळे आजही नवा बनतो. 6एयू6 मात्र बहुतेक जुन्या साठ्यातूनच घ्यावा लागतो. तोंडाशीच असल्यामुळे त्याची गोम मोठी होऊन ऐकू येते, म्हणून दोन-तीन घालून पाहावेत आणि सगळ्यांत शांत तो ठेवावा.

एक पेच राहतोच. हॅमंडला चर्चसाठी स्वच्छ आवाज हवा होता, डॉन लेस्लीचा फिरता स्पीकर त्याला कधी रुचला नाही. 1950च्या दशकात जिमी स्मिथसारख्या जॅझ वादकांनी बी-3 आणि लेस्ली ही जोडी जमवली, पुढे रॉकवाल्यांनी तिचा आवाज मुद्दाम फाडला. तेव्हा फाटलेल्या आवाजाची तक्रार घेऊन कुणी आलं, तर पेडल अर्ध्यावर ठेवून एकच पट्टी वाजवून पाहावी. तेवढ्यावरही फाटत असेल तर तो दोष. पेडल पूर्ण दाबल्यावरच फाटत असेल तर सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी वादकाला विचारलेलं बरं.